बहिणीची दौलत, भावाचे नाव

घरातले माणूस गेले की चाळिसाव्याला देगी चढतात, फातिहा होतो, गाव जेवते. अलीकडे काही घरांतून मरहूमांच्या नावाने गरजू मुलांना शिष्यवृत्ती दिली जाते. ही फक्त आजची रीत आहे असे समजू नये. बंगालमधल्या हुगळीची एक जुनी हकिकत या निमित्ताने सांगण्यासारखी आहे.

हाजी मुहंमद मोहसिन यांचा जन्म 1732 चा. मन्नुजान ही त्यांची सावत्र बहीण, आई एक, वडील वेगळे. वडील आणि पती यांच्याकडून तिच्याकडे मोठी जमीनदारी आली. पती गेल्यावर कारभार तिनेच सांभाळला. तिला मूलबाळ नव्हते. 1803 मध्ये ती वारली, तेव्हा सारी मालमत्ता भावाला मिळाली. मोहसिन अविवाहित होते, राहणी फकिराची. त्यांनी 1806 मध्ये ही सगळी दौलत वक्फ केली. उत्पन्नाचे नऊ हिस्से ठरले: तीन धार्मिक कार्यांना, दोन मुतवल्लींना, चार नोकरचाकर आणि पेन्शनींना. 1812 मध्ये मोहसिनही गेले.

पुढे मुतवल्लींनी गैरव्यवहार केला आणि सरकारने कारभार हाती घेतला. शिल्लक साचत गेली, तिच्यातून 1836 मध्ये हुगळी कॉलेज उभे राहिले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय तिथे शिकले, सय्यद अमीर अली तिथे शिकले. पण मुस्लिम विद्यार्थी मूठभरच होते. एका मुसलमानाच्या वक्फवर कॉलेज चालावे आणि त्याच्याच समाजाची मुले बाहेर राहावीत, ही तक्रार वाढत गेली. नवाब अब्दुल लतीफ यांनी त्यासाठी खटपट केली. अखेर 1873 मध्ये कॉलेजचा खर्च सरकारने उचलला. मोहसिन फंड मुस्लिम मुलांच्या शिष्यवृत्त्या, फी आणि ढाका, राजशाही, चितगाव येथील मदरशांकडे वळवला गेला.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, दान देताना ते कोणासाठी, हिशेब कोण ठेवणार आणि शिल्लक कुठे जाणार, हे कागदावर स्पष्ट लिहावे. मोहसिन यांच्या नऊ हिश्शांत शिक्षणाचा हिस्साच नव्हता. मुलांपर्यंत ते पैसे पोचायला साठ वर्षांहून जास्त काळ गेला.

दुसरी गोष्ट मनाला लागते. आज कॉलेजच्या पाटीवर मोहसिन यांचे नाव आहे, शिष्यवृत्तीही त्यांच्याच नावाने ओळखली गेली. ज्या बाईने ती दौलत राखली, तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मोहसिन यांचा त्याग मोठाच होता, पण देण्यासारखे जे होते ते मन्नुजानकडून आलेले होते.

माणूस गेल्यावर त्याच्या अमलाचा हिशेब थांबतो. सदका-ए-जारिया, उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद तेवढी मागे चालू राहते, असे हदीस सांगते. शिष्यवृत्तीत यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकत्र येतात. तेव्हा अब्बांच्या नावाने ती जरूर सुरू करा. मात्र त्या पैशात अम्मीच्या बांगड्या असतील, फूफीचा हिस्सा असेल, तर पाटीवर त्यांचेही नाव घाला.