हिरोशिमाचे धिरडे

मुलाकडे जपानला गेले असता हिरोशिमात ‘ओकोनोमियाकी’ खाल्ले. कोल्हापुरात परतल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, “म्हणजे आम्लेटच की!” पण तळाशी गव्हाच्या पिठाचे पातळ धिरडे, त्यावर चिरलेल्या कोबीचा ढीग, नूडल्स, आणि शेवटी अंडे. तव्यावरच उलथण्याने तुकडे करून खायचे. नावाचा अर्थ ‘आवडेल ते भाजलेले’.

परंतु त्याची वाढ आवडीतून नव्हे, अडचणीतून झाली. युद्धापूर्वी तेथे मुलांना ‘इस्सेन योशोकु’, म्हणजे एका पैशाचे विलायती खाणे मिळे. ते साधे पिठाचे धिरडे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने शहर बेचिराख झाले. तांदूळ मिळेना, अमेरिकेच्या मदतीचे गव्हाचे पीठ आले. त्या धिरड्यात कोबी, पुढे नूडल्स व अंडे पडून ते पोटभरीचे झाले. पती गमावलेल्या कित्येक स्त्रियांनी घराच्या दर्शनी खोलीत लोखंडी तवा मांडला व मुले वाढवली. कित्येक दुकानांच्या नावात ‘चान’ हा लाडाचा शब्द आजही आहे.

त्या तव्यापुढे बसले असता मला आपल्या मंडळातल्या, भाजणी विकून संसार सावरलेल्या भगिनी आठवल्या. घास गोड लागला, आणि जरा घशात अडकलाही.