समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी अकोटकडची ट्रॉली एवढी का गंजते? आणि गंजलेली ट्रॉली नीट दुरुस्त कशी होते?

परदेशात बोट गाडीमागे ओढून नेण्यासाठी चाकांची ट्रॉली असते. बोट पाण्यात सोडताना ही ट्रॉली थेट समुद्रात बुडते, म्हणून ती लवकर गंजते. तिथले जाणकार मालक समुद्रावरून परत आले की पहिलं काम करतात ते ट्रॉली गोड्या पाण्याने धुण्याचं.

अकोट तालुक्यात ना समुद्र आहे ना बोटी. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत, आणि त्यातल्या अनेकांचा तळ बघितला तर त्या किनाऱ्यावर उभ्या होत्या असंच वाटावं. कारण मीठ इथेही आहे, फक्त ते जमिनीतून येतं.

सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे पूर्णा नदीपर्यंत गेलं की पाण्याची चव बदलते. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी तो पसरला आहे. पोकरा प्रकल्पात तर पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाण गावं वेगळी मोजून घेतली गेली. पिण्याला गोडं पाणी मिळावं म्हणून अकोटच्या भागासाठी वान धरणावरून ८४ खेडी योजना करावी लागली. माणसांसाठी नळ आला, ट्रॉली मात्र आजही बोअरच्या पाण्यानेच धुतली जाते. बोटवाला मीठ काढायला ट्रॉली धुतो, इथे धुतानाच मीठ चढतं.

खाऱ्या पाण्याने नेमकं काय होतं?

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढं पुरतं. मीठ त्याचा वेग वाढवतं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात छोट्या प्रमाणावर चालणारी विजेचीच क्रिया आहे. शिवाय मिठातलं क्लोराईड लोखंडावर गंजाची घट्ट, संरक्षक साल बसू देत नाही. खड्डे पाडत ते आत शिरतं.

पाण्याबरोबर खतंही येतात. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे ते लालसर किंवा पांढरं पोटॅश, हे पोटॅशियम क्लोराईड असतं. त्याच्या वजनातला जवळपास निम्मा भाग क्लोराईडचा. फाटलेल्या पोत्यातून सांडलेली मूठभर पोटॅश पत्र्याच्या सांध्यात बसली की हवेतला ओलावा ओढून घेते आणि पावसाळाभर काम करत राहते. शेणखताचंही तेच. आदल्या खेपेचा थर फळीखाली तसाच राहतो, वरून कापूस भरला जातो आणि खालचं कुणाला दिसत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जास्त जागा घेतो. म्हणून दोन पट्ट्या एकमेकींवर जोडलेल्या असतात तिथे मधला गंज फुगून त्या उचलतो, वेल्डिंगचा टाका उसवतो. पत्र्याला पोट आलेलं दिसलं की आत काय चाललंय ते समजायला हरकत नाही.

आधी तपासणी, मग वेल्डिंग

ट्रॉली दुकानात गेली की बहुतेक वेळा सगळ्यांचं लक्ष तळाच्या भोकाकडे जातं. भोक दिसतं, त्यातून तूर सांडते, म्हणून ते टोचतं. पण तळाचा पत्रा गेला तर नुकसान धान्याचं. चेसीसचं चॅनल, एक्सलच्या बैठका किंवा पुढचा हूक गेला तर भरलेली ट्रॉली रस्त्यावर सुटते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो आणि मजूर बऱ्याचदा मालावरच बसलेले असतात. म्हणून तपासणी खालून आणि पुढून सुरू करायची.

साधी हातोडी पुरते. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे जाड पेचकस दाबून बघायचा. चिरा शोधायची एक जुनी युक्तीही आहे. सांधा घासून साफ करायचा, रॉकेल किंवा डिझेल लावायचं, काही मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं तेल खडूवर बारीक काळी रेघ काढतं. हूकभोवती आणि पाट्यांच्या बैठकांजवळ हे करून बघावंच.

चौकोनी पाइपाची चेसीस असेल तर जास्त सावध राहावं. ती आतून सडते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. सेकंडहँड ट्रॉली घेताना ताज्या चकचकीत रंगाला भुलू नये, हेही इथेच सांगून टाकायला हवं. पुट्टी आणि रंगाखाली बरंच काही लपतं. तिथेही हातोडीच खरं सांगते.

पत्र्यावर पत्रा ठोकला की काय होतं?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चालणारी दुरुस्ती म्हणजे सडक्या जागेवर नवा तुकडा ठेवून कडेने टाके मारणं. दोन हंगाम ते चालतंही. पण खालचा गंज जिवंत असतो, दोन पत्र्यांमध्ये खारं पाणी अडकतं आणि वेल्डिंग अशा धातूवर झालेलं असतं ज्यात जीव उरलेला नाही. तिसऱ्या वर्षी तुकडा आणि आजूबाजूचा हातभर भाग एकदम निघतो. दोनदा पैसे जातात.

नीट काम म्हणजे चांगलं, पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत सडकं कापून टाकणं आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवणं. चॅनलला चीर असेल तर आधी चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडतात, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर ग्राइंडरने उघडून तळापासून भरतात. वरून आधाराची पट्टी द्यायची असेल तर तिची टोकं सरळ कापू नयेत, पतंगासारखी निमुळती करावीत. चॅनलच्या आडवा मारलेला सरळ टाका पुढच्या चिरेला जागा करून देतो.

एक्सल आणि पाटे मात्र वेल्ड करू नयेत. त्यांचं पोलाद वेगळं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारची जागा ठिसूळ होते आणि भरल्या ओझ्याखाली तिथेच तुटते. ते बदलायचेच.

दुकानात घाईत सुटतात अशा काही गोष्टी. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावावा. तो लांब लावला आणि करंट चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगवर ठिणग्यांचे डाग पडतात आणि मग चाक आवाज करू लागतं. डम्पिंग ट्रॉली उचलून खाली काम करायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी आत शिरू नये, पक्का लोखंडी टेकू हवाच. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करण्याआधी मुलामा घासून काढावा, कारण त्याचा पांढरा धूर अंगात गेला की त्या रात्री थंडीताप भरतो. आणि चेसीस नंबर ठोकलेली जागा कापायची किंवा ग्राइंडरने घासायची नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि नंबरच गेला तर विक्रीच्या वेळी कास्तकाराला आरटीओच्या चकरा पडतात.

रंगाआधी पाणी, तेही गोडं

खारपाणपट्ट्यात सगळ्यात जास्त चुकणारी पायरी ही आहे. वायर ब्रशने घासून लोखंड चमकलं तरी खड्ड्यांत मीठ उरतं. त्यावर रेड ऑक्साईड मारला की मीठ रंगातून ओलावा ओढतं आणि वर्षभरात फोड येतात. म्हणून घासल्यावर गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा धुवायचं. टँकरचं किंवा नळाचं दोन ड्रम पाणी यात जातं. रंगाच्या डब्यापुढे हा खर्च काहीच नाही.

न निघणाऱ्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं. ते उरलेल्या गंजाचा फॉस्फेटचा थर बनवतं. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं टिकला त्यामागेही लोखंडातल्या फॉस्फरसमुळे तयार झालेला असाच थर आहे, असं आयआयटी कानपूरचे धातुतज्ज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं होतं. अर्थात सुट्या पापुद्र्यांवर कन्व्हर्टर ओतून उपयोग नाही, आधी घासावं लागतंच.

या कामाला मे महिना चांगला. हवा कोरडी असते, घासलेलं लोखंड लगेच तांबूस पडत नाही. जुलैत तेच काही तासांत पडतं. पण भर दुपारी ४५ अंशांत तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नये. थिनर उडून जातं आणि रंग नीट पसरून धरत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर प्रायमरचे दोन हात, कडा आणि टाक्यांवर ब्रशने एक जास्तीचा हात, मग वरचा रंग. फाळक्यावर नाव, देवाचं चित्र, फुलं यांवर पेंटर दिवस घालवतो आणि खालची बाजू कोरडी राहते, हे नेहमीचं. खर्च कमी असेल तर उलट करावं.

काही जण तळाला जळकं ऑइल फासतात. ते काही दिवस पाणी अडवतं, पण धूळ धरतं, पुढच्या वेळी रंग धरू देत नाही आणि शेतात गळतं.

दुरुस्ती झाल्यावर पाइपाच्या चेसीसला सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला भोक ठेवावं, खत वाहिल्याच्या दिवशीच ट्रॉली झाडून काढावी आणि उभी करताना पुढची बाजू थोडी उचलून फाळका उघडा ठेवावा, म्हणजे पाणी मागे निघून जातं. बोअरच्याच पाण्याने धुवायची वेळ आली तर शेवटच्या दोन बादल्या तरी गोड्या पाण्याच्या असाव्यात.