सहा डिसेंबर १९५६ : बातमी आली तेव्हा नागपूर कुठे होतं?

आजचा विषय दिसायला साधा आहे. मोठी दुःखाची बातमी आली, की काही वर्षांनी लोक एकमेकांना हमखास विचारतात, ‘तेव्हा तू कुठे होतास?’ ज्याला विचारलं तो अडखळत नाही. कोणत्या खोलीत होतो, हातात काय होतं, कोणी सांगितलं, सगळं धडाधड सांगतो. कालच्या जेवणातली भाजी आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते.

इतिहासाच्या अभ्यासकाने या आठवणींचं काय करायचं, हा आजचा प्रश्न. उदाहरण नागपूरचंच घेऊ. ६ डिसेंबर १९५६, वार गुरुवार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेल्याची बातमी या शहरात आली, तो दिवस.

आधी तारखांचा मेळ घालू या, कारण सगळं मर्म त्यातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार, विजयादशमी. नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर बाबासाहेबांनी कुशीनाराच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली. मग त्यांनी स्वतः जमलेल्या लोकसमुदायाला दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. गर्दीचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. माणसं पांढरी वस्त्रं नेसून आली होती, कित्येक जण गावाहून पायी आले होते. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला, म्हणजे तेव्हाच्या चांद्याला, पुन्हा दीक्षेचा कार्यक्रम झाला. नोव्हेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. १६ डिसेंबरला मुंबईत मोठा दीक्षा समारंभ ठरला होता. आणि ६ डिसेंबरच्या सकाळी दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरी, ते झोपेतच गेल्याचं उघड झालं.

मोजून पाहा, १४ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर, ५३ दिवस. दोन महिनेसुद्धा नाहीत.

याच ५३ दिवसांत आणखी एक घडलं होतं. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर त्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि त्याचं राजधानीपण संपलं. म्हणजे ज्या माणसाने दसऱ्याला दीक्षा घेतली, त्याचा धर्म बदलला, अठरा दिवसांनी त्याचं राज्य बदललं आणि आणखी पाच आठवड्यांनी त्याचा नेता गेला. एवढ्या घाईने पायाखालची जमीन सरकलेली माणसं इतिहासात फार नसतात. ६ डिसेंबरची आठवण ऐकताना हे आपल्या ध्यानात असलं पाहिजे.

आता बातमी पोचली कशी ते बघू. आज आपल्याला बातमी खिशात येते, आपण एकटेच वाचतो आणि मग इतरांना पाठवतो. १९५६ साली तसं नव्हतं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं होतं, म्हणजे रेडिओ होता. पण रेडिओ म्हणजे तेव्हा लाकडी पेटीतला, विजेवर चालणारा, परवाना काढून घरात ठेवायचा. तो वाड्या-बंगल्यांत असे, हॉटेलात असे, एखाद्या दुकानात असे. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर अजून घरोघर यायचा होता. मजुरांच्या, गिरणी कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायांच्या वस्त्यांमध्ये बातमी यायची ती माणसाच्या तोंडून. तारघरात, छापखान्यात, कचेरीत काम करणारा कोणीतरी ती ऐकायचा आणि वस्तीकडे धावत सुटायचा.

म्हणून त्या पिढीच्या आठवणीत बातमीला चेहरा असतो. ‘रेडिओवर ऐकलं’ असं सांगणारे थोडे, ‘अमक्याने येऊन सांगितलं’ असं सांगणारे जास्त, हे त्या काळाच्या साधनांवरूनच उघड आहे. आणि सांगणाऱ्यावर विश्वास बसला नाही, हा तपशीलही साहजिक आहे. ज्यांना आपण सात आठवड्यांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते गेले हे कोणा पोराच्या तोंडून ऐकून कसं पटावं?

या प्रकारच्या आठवणींचा अभ्यास जगात बराच झाला आहे. १८९९ साली कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १७९ जणांना विचारलं, की अब्राहम लिंकनच्या खुनाची बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठे होता. खून झाला १८६५ साली, तेहतीस-चौतीस वर्षं उलटलेली. तरी १२७ जणांनी जागा आणि वेळेसकट उत्तर दिलं. पुढे १९७७ साली ब्राऊन आणि कुलिक या दोघांनी या आठवणींना एक नाव दिलं, मराठीत ‘लख्ख प्रकाशातली आठवण’ म्हणू. जुन्या कॅमेऱ्याचा दिवा एकदम चमकावा आणि सगळं जसंच्या तसं टिपलं जावं, अशी त्यांची कल्पना. लोक सांगतात त्यात सहा गोष्टी हमखास येतात असं त्यांना आढळलं : जागा, चालू असलेलं काम, सांगणारा माणूस, आपल्याला काय वाटलं, इतरांना काय वाटलं आणि लगेच पुढे काय झालं. तुमच्या आजीला विचारून बघा, याच सहा गोष्टी ती आपल्या क्रमाने सांगेल.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. याच अभ्यासात गोरे आणि कृष्णवर्णीय अमेरिकन, दोघांनाही विचारलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लख्ख आठवण कृष्णवर्णीयांपैकी ७५ टक्क्यांना होती, गोऱ्यांपैकी सुमारे तेहतीस टक्क्यांनाच. बातमी एकच, देश एकच. फरक एवढाच, की ती बातमी कोणाची होती.

हे वाक्य नागपुरात आणून ठेवा. ६ डिसेंबरला बातमी सगळ्याच शहरात आली. सीताबर्डीच्या बाजारात आली, महालातल्या वाड्यांत आली, इंदोऱ्यात आली, गिरणीच्या फाटकावर आली. लोकसभेत पंतप्रधान नेहरूंनी त्याच दिवशी श्रद्धांजली वाहिली आणि सभागृहाचं काम थांबलं. दुसऱ्या दिवशी पेपरांत छापून आलं. पण ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ या प्रश्नाला एका मोहल्ल्यात तासभर उत्तर मिळतं आणि शेजारच्याच मोहल्ल्यात ‘हो, ऐकलं होतं’ एवढ्यावर विषय संपतो. शहराची ही आतली सीमारेषा कोणत्याही नकाशात दाखवलेली नसते. ती दिसते ती असा प्रश्न घेऊन घरोघर फिरलं की.

यावर कोणी म्हणेल, हे एका बाजूचं झालं. तर उलट उदाहरणही याच शहरात आहे. ३० जानेवारी १९४८, शुक्रवार, गांधीजींची हत्या. तेव्हा नागपूरचं रेडिओ केंद्रही सुरू व्हायचं होतं. त्या संध्याकाळची आठवण महाराष्ट्रातल्या आणि विदर्भातल्या अनेक ब्राह्मण घरांत दोन तुकड्यांत सांगतात. पहिली बातमी, गांधीजी गेले. दुसरी बातमी, मारणारा पुण्याचा, मराठी, ब्राह्मण. पहिली बातमी साऱ्या देशाची होती, दुसरी त्या घरांची झाली, कारण त्यानंतर दगड आले, काही ठिकाणी जाळपोळ झाली. नागपुरात तर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सरसंघचालक गोळवलकर यांना अटक झाली आणि ४ फेब्रुवारीला संघावर बंदी आली. तेव्हा त्या घरांतली लख्ख आठवण बहुधा दार बंद केल्याची असते आणि काँग्रेसच्या घरांतली चूल न पेटल्याची. तारीख तीच, शहर तेच, आठवणी वेगळ्या. कोणती खरी, असा प्रश्न इथे लागू होत नाही, दोन्ही खऱ्या आहेत.

आता एक सावधानतेचा मुद्दा. लख्ख आठवते म्हणजे बिनचूक असते असं नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्याच सकाळी नाइसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कशी कळली’ ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही. तरी ते ठाम होते. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी नवीच आठवण खरी वाटत होती.

मग या आठवणी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. त्या तपासून घ्यायच्या. कोणी म्हणालं, ‘सहा डिसेंबरला सकाळच्या पेपरात वाचलं’, तर तो पेपर सातचा असणार, कारण सहाला पहाटे छापलेल्या अंकात ही बातमी असूच शकत नाही. कोणी म्हणालं, ‘मी अंत्ययात्रेला मुंबईत होतो’, तर विचारायचं, निघालात केव्हा? पार्थिव विमानाने त्याच रात्री मुंबईला नेलं आणि अंत्यसंस्कार सातच्या संध्याकाळी दादर चौपाटीला झाले. नागपूर-मुंबई रेल्वेचं अंतर आठशे किलोमीटरांहून जास्त. सहा तारखेलाच गाडी पकडली असेल तर मेळ बसतो. आणि मेळ नाही बसला, तरी माणूस खोटं बोलतो असं होत नाही. ‘मी तिथे असायला हवं होतं’ ही त्याची ओढ इतकी जबर आहे, की वर्षानुवर्षं सांगता-सांगता ती आठवण झाली. अभ्यासकाने दोन्ही नोंदवायचं, घडलं ते आणि वाटलं ते.

आणि वाटलं काय? इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. ६ डिसेंबरच्या आठवणीत फक्त शोक शोधायला गेलं तर अर्धीच गोष्ट हाती लागते. त्या दिवशी वस्त्यांपुढे शोकाबरोबर एक प्रश्न उभा राहिला, ‘आता दीक्षेचं काय?’ घरातले देव उतरवून ५३ दिवस झाले होते. नवे विधी अजून नीट ठाऊक नव्हते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ छापून यायचा होता, तो इंग्रजीत १९५७ साली आला. लग्न कसं लावायचं, मर्तिक कसं करायचं, पोराचं नाव काय ठेवायचं, हे विचारायचं कोणाला? ज्यांनी वाट दाखवली ते पहिल्याच वळणावर निघून गेले. माघारी फिरणं सोपं होतं, आणि लोक फिरतील असं म्हणणारेही होते.

लोक फिरले नाहीत. ७ डिसेंबरला दादरच्या चितेसमोरच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत हजारो लोकांनी दीक्षा घेतली. पुढे गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती, १९६१ ला ती सुमारे २८ लाख झाली. आकडा जनगणनेचा आहे, पण त्यामागचा निर्णय डिसेंबरातल्या त्या थोड्या दिवसांत घरोघर झाला. म्हणून ‘तुम्ही तेव्हा कुठे होता?’ याच्या पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, ‘आणि मग घरात काय ठरलं?’ बहुतेक मुलाखती पहिल्या उत्तरावर संपतात. खरा इतिहास दुसऱ्या उत्तरात आहे.

हे काम आज का करायचं? कारण वेळ फार उरलेला नाही. १९५६ ला दहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. त्या वेळी जे संसारात होते, ज्यांनी घरचे निर्णय घेतले, त्यांतले जवळजवळ सगळे गेले. पुढाऱ्यांची भाषणं छापलेली आहेत, संसदेतली श्रद्धांजली नोंदलेली आहे. वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात सीताबर्डीजवळच्या आपल्या मोहल्ल्याचं जग लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य. पण असे लिहिणारे किती? विडी वळणाऱ्या बाईने, गिरणीच्या पाळीवर निघालेल्या माणसाने ती बातमी कशी ऐकली, हे कोणत्याही दप्तरात नाही. ते फक्त घरात आहे.

तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्या सर्वांना आमचं एक सांगणं आहे. घरात ऐंशीच्या घरातलं माणूस असेल, मग ते कोणत्याही जातीचं, कोणत्याही मोहल्ल्याचं असो, त्याच्याजवळ बसा. मोबाईलवर आवाज नोंदवा. कोणी सांगितलं, हातात काय होतं, चूल पेटली का, दुसऱ्या दिवशी कामावर गेलात का, घरात कोण काय म्हणालं, हे विचारा. उत्तर ‘काही आठवत नाही’ असं आलं, तरी तेही तारखेसह लिहून ठेवा. एका शहरात एकाच बातमीने कोणाला काही वाटलं आणि कोणाला काहीच वाटलं नाही, हाही त्या शहराचा इतिहास आहे.

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपुरातून मुंबईसाठी खास गाड्या सुटतात आणि माणसं चैत्यभूमीला जातात. त्यांत १९५६ नंतर जन्मलेलेच बहुसंख्य. त्यांनी ती बातमी ऐकलेली नाही, पण ती ऐकणाऱ्यांनी पुढे काय केलं त्यामुळे ते त्या गाडीत आहेत. त्यांच्या आजी-आजोबांनी काय सांगितलं, ते लिहून घ्यायचं काम मात्र अजून बाकी आहे.