कोवळ्या कोंबांवरचा उजेड

नवरात्रात छत्रपती संभाजीनगरात कर्णपुऱ्याची यात्रा भरते, तेव्हा घरोघरी घट बसलेला असतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, तीत पेरलेलं धान आणि मधोमध पाण्याचा घट. दसऱ्याला टोपीत खोवायला काढलेले हे कोंब हिरवे नसतात, पिवळे असतात. हरितद्रव्य तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एक उजेडाशिवाय पार पडत नाही, आणि देवघरातल्या समईचा उजेड त्याला पुरत नाही. मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळेपणीच कापून खायचे कोंब, आणि कृत्रिम प्रकाश या विषयात नव्याने येणाऱ्याने या पिवळेपणापासूनच सुरुवात करावी.

कारण त्याबरोबर कोंबातला कसही बदलतो. अमेरिकेचं कृषी खातं आणि मेरिलँड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१२ साली २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. वाटाण्याच्या, अंधारात वाढवलेल्या पिवळ्या कोंबांत जीवनसत्त्वं आणि कॅरोटिनॉइड हिरव्या कोंबांहून बरीच कमी निघाली. पुढच्याच वर्षी टेनेसी विद्यापीठात ब्रोकोलीचे कोंब कापणीआधी काही दिवस निव्वळ निळ्या प्रकाशात ठेवले, तर त्यांतलं बीटा-कॅरोटीन आणि ग्लुकोराफॅनिन वाढलं. ज्या निळ्या एलईडीमुळे असे प्रयोग सोपे झाले, त्याच्या जपानमध्ये जन्मलेल्या तीन जनकांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मराठवाड्यात उन्हाला काय तोटा, असं कुणीही विचारील. बरोबरच आहे. दिव्याचा प्रश्न येतो तो फ्लॅटमधल्या मांडणीवर, एकावर एक ट्रे रचल्यावर. आणि मग वीजबिलही येतं.

या क्षेत्रात घाई होते ती पुढच्या पायरीवर. पानात एखादं द्रव्य वाढलं, म्हणजे खाणाऱ्याची तब्येत सुधारली असं होत नाही. २०१६मध्ये लाल कोबीच्या मायक्रोग्रीन्समुळे उंदरांचं वाईट कोलेस्टेरॉल घटल्याचं दिसलं. पण ते उंदीर होते, आणि आपण पोह्यांवर भुरभुरतो चिमूटभर. उलट वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ‘के’ जीवनसत्त्वाने भरलेला हा पाला रोजच्या जेवणात आणण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

घरी किंवा कॉलेजात प्रयोग करणाऱ्यांना एक विनंती. मोबाइलवरच्या लक्स-मापकावर विसंबू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळा हिरवा-पिवळा उजेड जास्त धरतो, त्यामुळे लाल-निळा दिवा त्यात उगाच मंद ठरतो. पानापर्यंत पोचणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजा. दिव्याचा रंग, ट्रेपासूनचं अंतर आणि रोजचे तासही लिहा. एवढं नसेल तर ती नोंद दुसऱ्याच्या कामाची नाही.