थैली एकदा घेतली की

बाबा आरएमएसमध्ये होते हे घरच्या वाचकांना माहीतच आहे. बाकीच्यांसाठी सांगतो, आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. टपालखात्यातली थैल्यांची आणि पत्रांच्या वर्गवारीची बाजू त्यांची.

२००६ साली मी नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळत होतो. एका रविवारी बाबांनी विचारलं, "तू दिवसभर नेमकं करतो काय?" मी सांगायला बसलो. बाहेरून येणारा ईमेल थेट आतल्या सर्व्हरवर येऊ द्यायचा नाही. दारात एक वेगळं मशीन ठेवायचं, त्याला गेटवे म्हणतात. जगाला फक्त त्याचाच पत्ता ठाऊक. ते व्हायरस, स्पॅम तपासणार आणि उरलेला मेल आतल्या सर्व्हरकडे देणार. लोकांच्या खऱ्या पेट्या तिथे.

"म्हणजे सोनेगावच की रे!" बाबा म्हणाले.

नव्या पिढीला सोनेगाव म्हणजे फक्त विमानतळ. पण जानेवारी १९४९ पासून ऑक्टोबर १९७३ पर्यंत रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं इथे यायची. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मध्यरात्री चारही विमानांमधल्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत. चार शहरांना एकमेकांशी जोडायचं तर सहा मार्ग लागतात, मधे नागपूर घेतलं की चारात भागतं. हे काही सुखाचं काम नव्हतं. डिसेंबर १९५३ मध्ये यातलंच एक डाकोटा सोनेगावहून मद्रासला जायला उडालं आणि लगेच कोसळलं. १३ माणसं गेली, वैमानिक तेवढा वाचला.

ईमेलचंही आपल्याकडे असंच झालं, फक्त मधलं गाव मुंबई. १९८६ च्या सुमारास सरकारने अर्नेट सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी, दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी. एनसीएसटीचे प्रमुख एस. रमणी. १९८९ मध्ये तिथून अमेरिकेतल्या यूयूनेटला ९६०० बिट प्रति सेकंदाची लाइन मिळाली. आज मोबाइलमधला एक फोटो त्या लाइनवरून जायला तास लागेल! पण बाहेरच्या जगातून या संस्थांना येणारा मेल जुहूच्या दारातून आत यायचा आणि तिथून ज्याच्या त्याच्या मशीनकडे जायचा.

'अमुक नावाचा मेल तमुक मशीनकडे द्या' असं डीएनएसमध्ये लिहून ठेवायची सोय क्रेग पार्ट्रिज यांनी १९८६ मध्ये आरएफसी ९७४ मध्ये मांडली. तिला एमएक्स नोंद म्हणतात. आमचा गेटवे याच नोंदीवर उभा होता.

हे सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "आणि पत्ता चुकला असला तर?"

मी गप्प. कारण ते नुकतंच घडलं होतं.

आमच्या गेटवेला कंपनीचं नाव माहीत होतं, आतली माणसं माहीत नव्हती. कोणाच्याही नावाने मेल आला की तो "मिळाला" म्हणून घ्यायचा. आतला सर्व्हर मग सांगायचा, असा कोणी इथे नाही. नियमाप्रमाणे गेटवेने पाठवणाऱ्याला तसं कळवायला हवं. पण स्पॅमवाले पाठवणाऱ्याचं नाव खोटंच लावतात, त्यामुळे आमचे नकार भलत्याच लोकांच्या पेटीत जाऊन पडायचे आणि आमचाच पत्ता काळ्या यादीत गेला. वैतागून मी एक ओळ लिहिली, असे नकार पाठवूच नका, टाकून द्या. सगळं शांत झालं. मला तर शाबासकी मिळाली.

त्याच महिन्यात माझ्या मामेभावाने आमच्याकडच्या एका जागेसाठी अर्ज पाठवला. पत्त्यात एक अक्षर चुकलं. गेटवेने मेल घेतला, आतल्याने नाकारला आणि माझ्या ओळीने तो फेकला. त्याला वाटलं पोचला. साहेबांना वाटलं, पोराला गरज नाही. जागा दुसऱ्याला गेली. मामी कित्येक दिवस माझ्याशी तुटक बोलायची.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सही करून थैली घेतली की ती आपली असते रे. पत्ता सापडत नसला तर पत्र परत पाठवायचं, नाहीतर आरएलओला द्यायचं. फेकायचं कसं?"

गंमत म्हणजे जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ मध्ये हेच आहे. एकदा मेल स्वीकारला की पोचवायची, नाहीतर पाठवणाऱ्याला कळवायची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. मी ते वाचलं होतं. परीक्षेपुरतं.

सोमवारी जाऊन आतल्या सगळ्या पत्त्यांची यादी गेटवेला दिली. आता नाव यादीत नसलं तर तो दारातच, मेल हातात घेण्याआधीच नाही म्हणणार होता, म्हणजे पाठवणाऱ्याला त्याच्याच सर्व्हरकडून कळणार. दोन तासांचं काम होतं. नवा माणूस आला की यादी रोज रात्री आपोआप ताजी व्हावी, एवढीच थोडी खटपट लागली.

मामेभाऊ पुढे पुण्याला नोकरीला लागला. अजूनही मला काही मेल केला की पाच मिनिटांत त्याचा फोन येतो, "दादा, पोचला का?"