उन्हाळ्यात जुना ट्रॅक्टर मध्येच बंद पडतोय? डिझेलची वाफ नव्हे, हवा शोधा

वाशीम जिल्ह्यात हरभरा, गहू निघाल्यावर एप्रिल-मेमध्ये सोयाबीन-तुरीच्या रानाची नांगरणी सुरू होते. या काळात पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर असतो. जुना ट्रॅक्टर तास-दोन तास नांगर ओढतो, मग ताकद सोडतो आणि बंद पडतो. थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. ‘उन्हाने डिझेलची वाफ झाली’ असे समजून अनेक जण पंपावर पाणी ओततात. हा उपाय चुकीचा आहे आणि त्यात पंपाचे नुकसान होऊ शकते.

डिझेलची वाफ होते का?

पेट्रोल साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागते. त्यामुळे पेट्रोल इंजिनाच्या नळीत वाफ अडकून इंधन थांबते. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. डिझेल मात्र साधारण १५० अंशांच्या पुढे उकळू लागते. आपल्याकडील ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. त्यामुळे खरे कारण बहुधा नळीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा झिजलेला पंप हे असते. उन्हामुळे हे दोष उघडे पडतात.

लक्षणावरून कारण ओळखा

- टाकीचे झाकण सैल करताच ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत जाते आणि इंजिन नीट चालते: झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते स्वच्छ करा.
- ब्लीडिंग स्क्रू सैल केल्यावर डिझेलसोबत बुडबुडे येतात: टाकी ते फीड पंप या भागातील रबरी नळी, क्लिप व वायसर तपासा. येथे हवा आत ओढली जाते, त्यामुळे बाहेर गळती दिसेलच असे नाही.
- बुडबुडे नाहीत, पण डिझेलची धार बारीक आहे: फिल्टर किंवा नळी तुंबली आहे.
- इंजिन गरम असताना सुरू होत नाही, थंड झाल्यावर लगेच होते: इंजेक्शन पंप झिजलेला असू शकतो. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या भागातून मागे निसटते. पंप अधिकृत केंद्रात तपासून घ्या.
- तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आहे: दोष इंधनाचा नसून रेडिएटर, पाणी किंवा पंख्याच्या पट्ट्याचा आहे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

पंपाच्या आतील भागांतील फट केसापेक्षाही बारीक असते. तापलेल्या पंपावर गार पाणी पडल्यास बाहेरचा भाग एकदम आकुंचन पावतो आणि पंप आतून जाम होऊ शकतो.

हवा कशी काढावी?

१. ट्रॅक्टर सावलीत उभा करा, इंजिन थंड होऊ द्या. टाकीत पुरेसे डिझेल असल्याची खात्री करून कॉक उघडा.
२. पहिल्या फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हाताने प्रायमर मारा. बुडबुड्यांशिवाय डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा.
३. हीच कृती दुसऱ्या फिल्टरवर व नंतर इंजेक्शन पंपावर करा.
४. सांडलेले डिझेल पुसून मगच इंजिन सुरू करा. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

नोझलच्या नळ्या स्वतः सैल करू नका. तेथील डिझेलची धार कातडीत शिरते, ते काम मिस्त्रीकडे द्या. हवा काढूनही दुसऱ्या दिवशी तीच अडचण आली, तर हवा शिरण्याची जागा अजून सापडलेली नाही, असे समजा.

नांगरणीपूर्वीची तयारी

- कडक झालेल्या, तडे गेलेल्या रबरी नळ्या बदला. उघडलेल्या जोडावर तांब्याचे नवीन वायसर टाका.
- फिल्टर माहितीपुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार बदला. धुळीच्या कामात त्याआधीही पाहा.
- संध्याकाळी टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी साचते. सेडिमेंट बाऊलमधील पाणी व गाळ काढा.
- टाकी तळाला जाईपर्यंत काम करू नका. उतारावर नळी लगेच हवा घेते.

पेट्रोलवरील यंत्रे

पेट्रोलवर चालणारे पॉवर विडर व फवारणी पंप यांत मात्र खरोखर वाफ अडकू शकते. यंत्र सावलीत १५ ते २० मिनिटे थांबवा. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर ठेवा आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल भरू नका.

ही तपासणी मे महिन्यातच उरका. जूनमध्ये पेरणीजोगा पाऊस झाल्यावर वाफसा मोजके दिवस टिकतो. तेव्हा ट्रॅक्टर उभा राहिला, तर पेरणी लांबते.