रंग, काच आणि कामगार

पिंखस कार्लिन्स्की हे नाव आपल्यापैकी फारसे कोणी ऐकले असेल असे आम्हांस वाटत नाही. झारशाहीतील रशियात मारिन्स्की कालव्यावर चेर्निगोव्ह नावाचे जलद्वार होते. त्यावर देखरेख करणारा हा माणूस. १९०९ साली त्याचे छायाचित्र घेतले गेले तेव्हा त्याचे वय ८४ आणि नोकरी ६६ वर्षांची! म्हणजे अठराव्या वर्षी कामाला लागलेला गृहस्थ चौऱ्याऐंशीव्या वर्षीही सुटलेला नव्हता. निवृत्तीचे वय आणि ग्रॅच्युइटी यांचे तंटे लढण्यात आमचा जन्म गेला. त्यामुळे आमची नजर चित्राआधी या आकड्यांवरच गेली.

परंतु चित्रही तितकेच विलक्षण आहे, कारण ते रंगीत आहे. आणि ज्या काचेवर ते घेतले गेले, त्या काचेवर रंगाचा एक ठिपकाही नाही!

हे कसे घडले? निळी, हिरवी व तांबडी अशा तीन रंगीत काचांमधून एकाच दृश्याची तीन काळी-पांढरी चित्रे घ्यावी आणि त्याच रंगांच्या प्रकाशात ती एकावर एक पाडावी, म्हणजे मूळ रंग परत दिसतात. ही कल्पना मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८५५ साली मांडली व १८६१ साली प्रयोगाने दाखविली. तांबडा सदरा तांबड्या काचेतून उजळ उमटतो, निळीतून काळवंडतो. रंगाची साक्ष अशी उजेड-अंधारात जपली जाते. सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी हे तंत्र बर्लिनला मीथे यांच्यापाशी अभ्यासिले. १९०८ साली त्यांनी टॉलस्टॉय यांचे रंगीत चित्र घेतले, आणि पुढच्या वर्षी झार निकोलस यांच्यासमोर आपली चित्रे पडद्यावर दाखविली. झारने त्यांना अंधारखोली असलेला रेल्वेचा डबा आणि मुलूखभर हिंडण्याची मुभा दिली.

आता आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. ही तीन चित्रे एका लांबट काचपट्टीवर एकाखाली एक, पण एकापाठोपाठ घेतली जात. मध्ये काही क्षण जात. तेवढ्यात जे हलेल त्याचे तीन तुकडे तीन रंगांत विखुरतात. नदीच्या लाटांवर म्हणूनच निळ्या-तांबड्या रेघा दिसतात. आता हात चालू असलेला कामगार यात कसा मावणार? त्याने काम थांबविले तरच तो स्वच्छ उमटे. आमच्याकडेही निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतात. ज्या यंत्रापुढे माणूस तीस वर्षे उभा राहिला ते यंत्र त्यात क्वचितच असते.

१९१८ मध्ये प्रोकुदिन-गोर्स्की यांनी रशिया सोडला. १९४४ साली पॅरिस येथे ते निवर्तले. त्यांच्या वारसांकडून १९४८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १,९०२ काचा विकत घेतल्या. पुढे अर्धे शतक त्या बहुतेक काळ्या-पांढऱ्याच राहिल्या. मग संगणक आला. वॉल्टर फ्रँकहाउसर यांनी २००१ च्या प्रदर्शनासाठी १२२ चित्रे संगणकावर हाताने जुळविली. २००४ मध्ये ब्लेझ अग्वेरा इ आर्कास यांच्या आज्ञावलीने साऱ्याच काचा जुळविल्या. तिन्ही प्रतिमा किंचित सरकवायच्या, फिरवायच्या, कडेला कडा मिळेपर्यंत ताणायच्या, असे हे काम. जुन्या कृष्णधवल सिनेमाला अंदाजाने रंग फासतात, तसा हा प्रकार नव्हे. येथे रंग काचेतच होता. संगणकाने तो एकत्र आणला. पण हललेले पाणी त्यालाही स्थिर करता आले नाही.

या संग्रहात उरलमधील झ्लातौस्त येथील १९१० चे एक चित्र आहे. शस्त्रकारखान्यात ५५ वर्षे घालविलेला ७२ वर्षांचा कालगानोव्ह, शेजारी त्याचा मुलगा आणि नात. म्हाताऱ्याचे नाव मथळ्यात आहे; झारला पावमीठ अर्पण करण्याचे भाग्य त्याला लाभले, हेही त्याच्याविषयी नोंदले गेले आहे. मुलगा आणि नात त्या वेळी कारखान्यात राबत होती, एवढे मथळा सांगतो. त्यांची नावे तेथे नाहीत. नातीच्या कपड्यांचा रंग आज आम्हांस स्पष्ट दिसतो. तिला रोज किती मिळे, ते त्या मथळ्यात कोणी लिहिले नाही.